दिनविशेषाच्या फळ्यावर रिद्धपूर कुठं?

जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळचा परिपाठ तुम्ही ऐकलाच असेल. प्रार्थना होते, प्रतिज्ञा होते, सुविचार होतो. मग एखादं पोट्टं पुढं येऊन आजचा दिनविशेष वाचतं आणि सामान्य ज्ञानाचे दोन प्रश्न विचारतं. पाच मिनिटांचं काम. पण उद्या तलाठी भरती नाहीतर पोलीस भरतीला बसणाऱ्या पोरांची शिदोरी इथूनच बांधली जाते.

आपल्या वऱ्हाडाला दिनविशेषाचा तोटा नाही. 23 फेब्रुवारी 1876 ला गाडगेबाबा शेंडगावात जन्मले. 27 डिसेंबर 1898 ला पापळला पंजाबराव देशमुखांचा जन्म झाला आणि 30 एप्रिल 1909 ला यावलीत तुकडोजी महाराजांचा. 20 ऑक्टोबर 1969 ला अकोल्याचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं. या तारखा पोरांना तोंडपाठ असतात आणि असायलाच पाहिजेत.

आता मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर घ्या. मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ, म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’, याच गावाशी बांधलेला आहे. तरी दिनविशेषाच्या पुस्तकात जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत हे गाव शोधून पाहा, सहजासहजी हाती लागत नाही. काऊन बरं असं?

कारण साधं आहे. दिनविशेषाला तारीख लागते आणि लीळाचरित्राला तारीख नाही. त्याचा काळ सुमारे 1278, म्हणजे शके 1200 च्या आसपासचा मानतात. वार नाही, महिना नाही. चक्रधर स्वामींचा अवतारदिन महानुभाव मंडळी पाळतात तो भाद्रपद शुद्ध द्वितीयेला. ही तिथी इंग्रजी महिन्यात दरसाल पुढं-मागं सरकते. मग छापील पुस्तकात तिला कोणत्या घरात बसवायचं? ‘सुमारे’ आणि ‘तिथी’ या दोन शब्दांपायी अख्खं गाव फळ्यावरून सुटतं.

पोरांना शकाचा हिशेब मात्र शिकवायलाच हवा. शकात 78 मिळवले की इसवी सन निघतो. 1200 अधिक 78, झाले 1278. एक खुबी ध्यानात ठेवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची तिथी असली तर 79 मिळवायचे, कारण इंग्रजी वर्ष बदललेलं असतं आणि शक बदललेला नसतो. शिवजयंतीची शासनमान्य तिथी पाहा. फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. इथं 78 मिळवाल तर 1629 येईल आणि उत्तर चुकेल. 79 मिळवा, 19 फेब्रुवारी 1630 चं साल बरोबर येतं.

आता मुद्द्याची गोष्ट. रिद्धपूरच्या लोकांनी आठवण ठेवलीच नाही असं नाही. त्यांनी ती तारखेनं न ठेवता जागेनं ठेवली. स्वामी कोणत्या गावात उतरले, कोणत्या देवळात बसले, कोणाशी काय बोलले, हे लीळाचरित्रात आहे. पंथाची ‘स्थानपोथी’ म्हणून एक पोथी आहे. तिच्यात कोणती जागा कुठं आणि कोणत्या दिशेला, याची नोंद आहे. नारायण बहाळिये यांनी तर ‘ऋद्धिपुरवर्णन’ हा अख्खा ग्रंथ या एका गावावर रचला. आजही महानुभाव भाविक त्या त्या जागेच्या ओट्यावर माथा टेकतात. आपण कॅलेंडर पाहतो, त्यांनी ओटा पाहिला.

आणि त्या आठवणीमागं कष्ट किती! चक्रधर स्वामी गेल्यावर अनुयायी रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं, त्यांना गाठून एकेक लीळा मिळवली आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतली. पंथाची परंपरा सांगते की खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ प्रत गेली आणि मग अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. पुढं या पोथ्या सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत राहिल्या. विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्या उलगडल्या तेव्हा कुठं बाकीच्या महाराष्ट्राला हे धन दिसलं. बुलडाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते यांनी संपादलेलं लीळाचरित्र 1978 मध्ये निघालं. म्हाइंभटांनीच लिहिलेल्या गोविंदप्रभूंच्या चरित्राचा अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन बाईंनी इंग्रजीत अनुवाद केला, तो 1984 मध्ये छापला गेला. एवढं सगळं गाईडात एका ओळीत बसवलं जातं : पहिला गद्य ग्रंथ कोणता, उत्तर लीळाचरित्र, दोन गुण.

त्या ओळीतला ‘गद्य’ हा शब्द खाल्ला तर तेही दोन गुण जातात. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ 1188 चा, म्हणजे लीळाचरित्राच्या आधीचा. पण तो पद्यात आहे. नुसतं पाठ करणारा पोरगा इथं फसतो. समजून घेतलेला फसत नाही.

आता दिवस पालटत आहेत. 2023 च्या राज्य अर्थसंकल्पात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ जाहीर झालं, पुढं कायदा झाला आणि कुलगुरूही नेमले गेले. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ‘मराठी भाषा विद्यापीठ कुठं आहे?’ हा प्रश्न आता परीक्षेत आल्याशिवाय राहायचा नाही. उत्तर सारे पाठ करतील. ते रिद्धपूरलाच का, हे किती जण सांगतील?

म्हणून गुरुजी-बाईंना आणि गावकऱ्यांना एक सुचवावंसं वाटतं. फळ्यावर दिनविशेष लिहा, त्याच्या बाजूला ‘स्थळविशेष’ही लिहा. आठवड्यातून एक जागा घ्या. तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून पोरांनीच दोन ओळी लिहाव्यात. खडूखेरीज खर्च नाही. सुरुवातीला हे तीन प्रश्न घ्या.

प्रश्न : रिद्धपूरचं पोथ्यांतलं जुनं नाव कोणतं? उत्तर : ऋद्धिपूर, पंथात परमेश्वरपूर असंही म्हणतात.

प्रश्न : मराठीची आद्य कवयित्री कोण आणि तिनं काय रचलं? उत्तर : महदंबा, म्हणजे महदाइसा. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा घाट रिद्धपुरात घातला गेला, तेव्हा तिनं ‘धवळे’ म्हणजे लग्नगीतं रचली.

प्रश्न : शके 1212 म्हणजे इसवी सन किती आणि त्या साली कोणता ग्रंथ झाला? उत्तर : 1290, ज्ञानेश्वरी.

चौथा प्रश्न तुमच्या गावच्या पोरांनी काढायचा. त्याचं उत्तर कोणत्या गाईडात नाही, गावातल्या एखाद्या आजीला ते ठाऊक असेल. ती आहे तोवर विचारून घ्या.