संघ निवडताना : फॉर्म पाहावा की गुणवत्ता?



आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेसाठी शाळेच्या संघाची यादी फलकावर लागली आणि दुसऱ्याच दिवशी एक पालक माझ्या कार्यालयात आले. त्यांचा मुलगा नववीत आहे. गेल्या वर्षी शाळेकडून सर्वांत जास्त गोल त्याचेच होते. यंदा काविळीमुळे तो दीड महिना घरी होता. परत आल्यावर सरावाच्या सामन्यांत त्याच्याकडून एकही गोल झाला नाही, आणि यादीत त्याच्या जागी आठवीतल्या मुलाचे नाव आले. वडिलांचे म्हणणे इतकेच होते, "मॅडम, मुलगा तर तोच आहे ना? मग दीड महिन्यात त्याचा खेळ गेला कुठे?" मी त्यांना चहा दिला, पण नीटसे उत्तर देऊ शकले नाही. ते राहिलेले उत्तर आज लिहीत आहे.

हा प्रश्न मोठमोठ्या प्रशिक्षकांनाही सुटलेला नाही. सन १९६६ चा विश्वचषक इंग्लंडमध्ये झाला. इंग्लंडचे प्रशिक्षक होते आल्फ रॅम्से आणि त्यांचा सर्वांत नावाजलेला आघाडीचा खेळाडू होता जिमी ग्रीव्ह्ज. देशासाठी ५७ सामन्यांत ४४ गोल ही त्याची एकूण कामगिरी, यावरून त्याची योग्यता कळावी. पण त्या स्पर्धेतल्या पहिल्या तीन सामन्यांत त्याला एकही गोल करता आला नाही. तिसऱ्या सामन्यात पायाला जखम होऊन टाके पडले. उपांत्यपूर्व सामन्यात त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला. हर्स्ट त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रथम इंग्लंडकडून खेळला होता. अर्जेंटिनाविरुद्धचा एकमेव गोल त्याने केला. अंतिम सामन्यापर्यंत ग्रीव्ह्ज बरा झाला होता, तरी रॅम्सेंनी हर्स्टलाच ठेवले. त्या काळी विश्वचषकात बदली खेळाडू उतरवता येत नसे. ग्रीव्ह्जचा पाय दहाव्या मिनिटाला पुन्हा दुखला असता तर उरलेला सामना दहा जणांनी खेळावा लागला असता. हर्स्टने अंतिम सामन्यात तीन गोल केले व इंग्लंड ४-२ ने जिंकले. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तीन गोल करणारा दुसरा खेळाडू त्यानंतर थेट २०२२ साली निघाला, फ्रान्सचा एम्बापे. ग्रीव्ह्ज मात्र त्या दिवशी बाहेर बसून राहिला. तेव्हा पदके फक्त मैदानावरच्या अकरा जणांना मिळत. त्याला पदक मिळाले २००९ साली, त्रेचाळीस वर्षांनी.

आता याच्या अगदी उलट गोष्ट. सन १९८२ मध्ये मी शाळेत होते आणि थोरला भाऊ हिंदी वर्तमानपत्राचे क्रीडापान मोठ्याने वाचून दाखवत असे. त्यातून पाओलो रॉस्सी हे नाव मला पाठ झाले. सामन्यांच्या सट्टेबाजीच्या प्रकरणात इटलीच्या या खेळाडूवर दोन वर्षांची बंदी आली होती. आपण निर्दोष आहोत असे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. बंदी संपली तेव्हा हंगामातले तीनच सामने उरले होते. तरी प्रशिक्षक एन्झो बेअरझोट यांनी त्याला विश्वचषकाच्या संघात घेतले, आणि त्या मोसमात इटालियन लीगमध्ये सर्वाधिक १५ गोल करणाऱ्या रोमा क्लबच्या प्रुझ्झोला घरी ठेवले. इटलीच्या वर्तमानपत्रांनी बेअरझोट यांच्यावर झोड उठवली. पहिले तिन्ही सामने इटलीने बरोबरीत सोडवले. रॉस्सीचा गोल नाही. अर्जेंटिनाविरुद्ध इटली जिंकली, तेव्हाही रॉस्सीचा गोल नाही. शेवटी खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणेच बंद केले. बेअरझोट मात्र हलले नाहीत. ५ जुलै रोजी बार्सिलोनात ब्राझीलशी गाठ पडली. ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती. रॉस्सीने तीन गोल केले, इटली ३-२ ने जिंकली. उपांत्य सामन्यात पोलंडविरुद्ध दोन्ही गोल त्याचे, अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध पहिला गोल त्याचा. एकूण सहा गोल, स्पर्धेत सर्वाधिक.

मग रॅम्से बरोबर की बेअरझोट? मला वाटते, दोघेही. दोघांपुढचा प्रश्न दिसायला एक असला तरी एकच नव्हता. ग्रीव्ह्ज त्याच स्पर्धेत तीन सामने खेळून गोलाविना राहिला होता आणि हर्स्टबरोबर संघ जिंकत होता. ताजा पुरावा समोर होता. रॉस्सीचा खेळ वाईट झाला असे म्हणायला आधारच नव्हता, कारण दोन वर्षे तो खेळलाच नव्हता. परीक्षेला अनुपस्थित आणि परीक्षेत अनुत्तीर्ण यांत जो फरक आहे, तोच हा. शिवाय १९७८ च्या विश्वचषकात बेअरझोट यांच्याच संघातून रॉस्सीने तीन गोल केले होते. त्यांचा विश्वास डोळ्यांनी पाहिलेल्या खेळावर होता.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा लक्षात आली. १९८२ मध्ये दोन टप्प्यांत गटसामने होते. रॉस्सीला लय सापडेपर्यंत थांबणे बेअरझोट यांना परवडले. पहिला पराभव म्हणजे घरी परत, अशी स्पर्धा असती तर ते थांबू शकले असते का?

नुसत्या गुणवत्तेवर भरवसा ठेवण्याचेही हाल होतात. २००६ साली इंग्लंडचे प्रशिक्षक एरिक्सन यांनी सतरा वर्षांच्या थिओ वॉलकॉटला विश्वचषकाला नेले. तोपर्यंत तो आर्सेनलच्या मुख्य संघाकडून एकही सामना खेळला नव्हता. स्पर्धेत त्याला एक मिनिटही उतरवले गेले नाही. त्याची गुणवत्ता खोटी नव्हती, २००८ मध्ये क्रोएशियाविरुद्ध त्याच मुलाने तीन गोल केले. उलट १९९० मध्ये इटलीचा स्किलाची केवळ ताज्या फॉर्मवर संघात आला आणि सहा गोल करून सर्वांत पुढे राहिला. त्यानंतर देशासाठी त्याचा फक्त एकच गोल झाला. फॉर्म असा पाहुण्यासारखा असतो. पण पाहुणा घरी असताना त्याला जेवायला वाढू नये असे थोडेच आहे?

आता आपल्या शाळेकडे. क्रीडाशिक्षक सरांशी मी सविस्तर बोलले. आपली ही स्पर्धा बाद पद्धतीची आहे, हरलो की संपले. आणि काविळीनंतर त्या मुलाला पूर्ण सामनाभर धावणे अजून जमत नाही, अर्ध्या वेळेतच दम लागतो. सरांनी त्याचे गोल मोजले नाहीत, दम पाहिला. मला त्यांचा निर्णय पटला. आठवीतल्या मुलाने जागा कोणाच्या शिफारशीने मिळवलेली नाही, हेही येथे स्पष्ट करते.

एक गोष्ट मात्र चुकली, आणि ती आम्हा शिक्षकांची. त्या मुलाला कारण कोणी सांगितलेच नव्हते. त्याने आपले नाव नसलेली यादी इतर मुलांच्या गर्दीत उभे राहून वाचली. यापुढे ज्याचे नाव वगळले जाईल त्याच्याशी सर आधी बोलतील, मग यादी लागेल.

जानेवारीतली स्पर्धा साखळी पद्धतीची असून त्यात प्रत्येक संघाला किमान चार सामने मिळतात. तिची यादी नव्याने होईल, जुन्या यादीवरून नाही. डॉक्टरांच्या परवानगीने तो मुलगा सोमवारपासून पुन्हा सरावाला येत आहे, सध्या अर्धाच वेळ. पालकांनी निवडीसंबंधी काही विचारायचे असल्यास शनिवारी सुट्टीनंतर सरांना मैदानावर भेटावे. तेथे चहा मिळणार नाही, पण उत्तर मिळेल.