'आरोस'विषयीचे काही गैरसमज

कमोडोर कंपनीने १९८५ साली न्यूयॉर्क येथे ज्या अमिगा संगणकाचे अनावरण केले, त्याच्या अवघ्या २५६ किलोबाइट मेमरीत अनेक कामे एकाच वेळी चालवण्याची करामत त्याची ऑपरेटिंग सिस्टीम करीत असे. परंतु १९९४ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, मालकीहक्क या हातातून त्या हातात फिरू लागले, आणि आपल्या आवडत्या प्रणालीचे भवितव्य असे वाऱ्यावर सोडण्यास राजी नसलेल्या काही प्रोग्रामरांनी १९९५ पासून तिची खुली पुनर्रचना आरंभिली. तीच 'आरोस'.

हिला कोणी एम्युलेटर म्हणतात, ते खरे नव्हे. एम्युलेटर जुन्या प्रोसेसरचे सोंग घेतो. आरोस मात्र इंटेल, पॉवरपीसी, एआरएम अशा प्रोसेसरांवर स्वतःच्या बळावर चालते. याच कारणाने जुना अमिगा-प्रोग्राम साध्या पीसीवर जसाच्या तसा चालेल, ही अपेक्षाही फोल ठरते. अमिगाच्या ३.१ आवृत्तीशी तिचे जे साम्य आहे ते मूळ सोर्स कोडच्या पातळीवरचे, म्हणजे प्रोग्राम नव्याने कंपाइल करावा लागतो. जुनी तयार फाइल थेट चालते ती केवळ अमिगाच्या मूळ प्रोसेसरांच्या, म्हणजे मोटोरोला ६८००० घराण्यासाठी केलेल्या आवृत्तीवर. लिनक्सच्या पाठीवर बसूनही आरोस चालू शकते, म्हणून तिला लिनक्सचेच रूपांतर समजणारेही आहेत. वस्तुतः तिचा गाभा स्वतंत्र आहे.

आरोस म्हणजे अमिगाच्या प्रणालीची चोरी, हा आरोप अधिक गंभीर, म्हणून त्याची दखल सविस्तर घेतली पाहिजे. कमोडोरने प्रोग्रामरांसाठी जे संदर्भग्रंथ स्वतःच प्रसिद्ध केले होते, त्यांत प्रणालीच्या प्रत्येक फंक्शनने काय घ्यावे आणि काय परत द्यावे याचा तपशील होता. त्या तपशिलाबरहुकूम आतील कोड नव्याने लिहिणे म्हणजे जुन्या वाड्याची दारे-खिडक्या त्याच जागी ठेवून भिंती आपल्या विटांनी उभारणे होय, आणि यास नक्कल म्हणता आले तरी चौर्य म्हणता येत नाही. खुली म्हणजे बेवारस, असेही कोणी समजू नये. मोझिलाच्या परवान्यावर बेतलेला तिचा स्वतःचा परवाना आहे आणि त्याच्या अटी पाळाव्या लागतात.

राहिला प्रश्न आधुनिकतेचा. अमिगाचे प्रोग्राम परस्परांना निरोप पाठवतात ते निरोपाची प्रत देऊन नव्हे, तर मेमरीतील त्याचा पत्ता सांगून. ही पद्धत जलद खरी, पण एका प्रोग्रामची मेमरी दुसऱ्यापासून राखण्याची तजवीज तीत नाही, आणि तशी भिंत आता घालावी तर जुन्या प्रोग्रामांशी असलेले साम्यच भंगते. माझ्या मते ही उणीव त्या निष्ठेचीच किंमत आहे. ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी आपल्या चालू संगणकावरच लिनक्समध्ये आरोस जरूर चालवून पाहावी. बँकेचे व्यवहार मात्र तिच्या हवाली करू नयेत.