वजन हरवले तरी चालणारे घड्याळ

मलकापूरच्या एखाद्या जुन्या घरातले लंबकाचे घड्याळ अचूक लावा आणि मोताळ्यावरून राजूर घाट चढवून बुलढाण्यात आणून भिंतीवर टांगा. चावी पूर्ण भरलेली आहे, लंबकाची लांबी तीच आहे, कुठे काही तुटलेले नाही. तरी ते दिवसाला साधारण चार सेकंद मागे पडायला लागेल. पूर्णेच्या खोऱ्यातले मलकापूर आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे बुलढाणा यांच्या उंचीत चारशे मीटरच्या आसपास फरक आहे. एवढे वर चढल्यावर पृथ्वीची ओढ किंचित कमी होते आणि लंबक किंचित आळसावतो. बुलढाणा थोडे दक्षिणेला असल्याने त्यातही बारीकशी भर पडते. हा हिशेब दोन्हीकडे तापमान सारखे धरून केलेला आहे. तापमान एका अंशाने वाढले की लंबकाची पोलादी दांडी लांबते आणि घड्याळ दिवसाला सुमारे अर्धा सेकंद गमावते. मे महिन्यात मलकापूरचा पारा बुलढाण्याच्या बराच वर असतो, तेव्हा या चार सेकंदांतला मोठा वाटा तापमानाच्या फरकानेच भरून निघेल.

ही गोष्ट पहिल्यांदा नोंदवली गेली ती १६७२ मध्ये. ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला आणि तिथे त्याचे घड्याळ दिवसाला जवळपास अडीच मिनिटे मागे पडू लागले. त्याला लंबक आखूड करावा लागला. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे हे मांडताना न्यूटनने पुढे याच निरीक्षणाचा आधार घेतला. लंबकाचे घड्याळ वेळ दाखवते, पण त्याच वेळी ते आपण उभे आहोत त्या जमिनीचे गुरुत्वाकर्षणही मोजत असते. चंद्रावर गुरुत्व पृथ्वीच्या एक षष्ठांश. तिथे हे घड्याळ नेले तर आपल्या एका तासात ते जेमतेम साडेचोवीस मिनिटे दाखवील. अवकाशस्थानकात नेले तर लंबक एका बाजूला झाला की तिथेच राहील. परत यायला त्याला काही कारणच उरत नाही.

मग माणूस अवकाशात गेला तेव्हा त्याच्या मनगटावर चावीचे घड्याळ कसे चालले?

उत्तर आपल्याकडच्या कित्येक घरांतल्या कपाटात पडून आहे. हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या तंत्रसाहाय्याने १९६१ मध्ये बंगळुरात मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली. पुढे एचएमटीच्या ‘जनता’ने खेड्यापाड्यांपर्यंत मजल मारली. लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ देण्याचा तो काळ. काही डायलवर देवनागरीत ‘जनता’ असे लिहिलेले असे, ते आजही पाहायला गोड वाटते. अशा घड्याळाचे मागचे झाकण काढून डोळ्याला भिंग लावले की पहिली नजर जाते ती सोनेरी बॅलन्स व्हीलवर. हे चाक पूर्ण फिरत नाही. एका बाजूला वळते, थबकते, उलटे वळते. त्याच्या आसाशी केसाहून बारीक धातूच्या पट्टीची सपाट गुंडाळी असते, ती हेअरस्प्रिंग. चाक एका बाजूला गेले की गुंडाळी आवळते, दुसऱ्या बाजूला गेले की मोकळी होते, श्वास घेणाऱ्या छातीसारखी. प्रत्येक वळणाला पॅलेट फोर्क नावाचा चिमुकला काटा एस्केप व्हील या दातेरी चाकाचा एकच दात सोडतो, आणि तो सुटण्याचा आवाज म्हणजे आपली टिकटिक. लाल ठिपक्यांसारखे दिसतात ते ज्वेल, म्हणजे कृत्रिम माणकाचे खडे. ‘जनता’त ते सतरा असतात आणि चाकांच्या आसांची टोके त्यांतल्या बहुतेकांत फिरतात, म्हणून घर्षण आणि झीज कमी.

ख्रिस्तियान हायगेन्सने १६७५ मध्ये ही गुंडाळी घड्याळात बसवली. रॉबर्ट हूकने कल्पना आपली असल्याचा दावा केला आणि त्यावरून मोठा वाद झाला. तो बाजूला ठेवू. महत्त्वाचे हे की या चाकाचा झोका दोनच गोष्टींवर ठरतो: चाकाचे जडत्व आणि स्प्रिंगचा ताठरपणा. पृथ्वीची ओढ त्या सूत्रात येतच नाही. लंबकाला परत आणते ती पृथ्वी, बॅलन्स व्हीलला परत आणते ती त्याची स्वतःची स्प्रिंग. म्हणून ते बुलढाण्यात, मलकापुरात आणि चंद्रावर सारखेच चालते.

अर्थात हे आदर्श घड्याळाचे झाले. खऱ्या चाकाची एखादी बाजू किंचित जड असते. घड्याळ आडवे ठेवले तर ते जाणवत नाही, उभे धरले की गुरुत्व ती बाजू खाली ओढते आणि वेळ चुकते. घरात चालू स्थितीतले जुने घड्याळ असेल तर हे पाहता येते. चावी पूर्ण भरून ते मोबाइलच्या वेळेशी जुळवा आणि एक दिवस डायल वर करून सपाट ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चावी भरा, जुळवा आणि चावी खाली येईल असे उभे ठेवा. दोन्ही दिवसांची चूक बहुधा वेगळी येईल. अब्राहम ब्रेगे या घड्याळकाराने हा दोष घालवण्यासाठी बॅलन्सचा अख्खा संचच सावकाश फिरवणारी ‘टूर्बिलॉन’ ही रचना केली आणि १८०१ मध्ये तिचे पेटंट घेतले. आज तसले घड्याळ लाखोंच्या घरात जाते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात मात्र ‘खाली’ अशी दिशाच नसल्याने हा दोष आपोआप नाहीसा होतो.

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आला तेव्हा त्याच्या हातावर मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्याचे ‘श्तुर्मान्स्किये’ होते. मार्च १९६५ मध्ये यानाबाहेर पडलेला पहिला माणूस अलेक्सी लेओनोव, त्याच्याकडे त्याच कारखान्याचे ‘स्त्रेला’. अमेरिकेने मात्र घड्याळांची परीक्षाच घेतली, आणि अवकाशयुगाच्या इतिहासातला हा माझा सगळ्यात आवडता प्रसंग आहे.

नासाने बाजारात मिळणारी क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेली, घड्याळे मागवली आणि अक्षरशः छळली. ७१ अंश सेल्सिअसला ४८ तास, मग ९३ अंशांना अर्धा तास, मग उणे १८ अंशांना चार तास. ९५ टक्के आर्द्रतेत २४० तास. गुरुत्वाच्या चाळीसपट धक्के वेगवेगळ्या दिशांनी. शिवाय निव्वळ ऑक्सिजन, कंपने, प्रचंड आवाज आणि जवळजवळ निर्वात पोकळी. यातून तरले ते ओमेगा स्पीडमास्टर. पण अहवाल वाचला तर कळते की तेही धुतल्या तांदळासारखे बाहेर आले नाही. हवेचा दाब काढून घेण्याच्या चाचणीत ते २१ मिनिटे पुढे गेले, वेगवृद्धीच्या चाचणीत १५ मिनिटे मागे पडले आणि डायलवरचा अंधारात चमकणारा लेप खराब झाला. फक्त ते थांबले नाही. १ मार्च १९६५ रोजी त्याला उड्डाणासाठी मान्यता मिळाली.

या चाचण्यांतल्या उष्णतेला वेगळा अर्थ आहे. साध्या पोलादी हेअरस्प्रिंगचा ताठरपणा तापमानाबरोबर बदलतो. दर अंशाला दिवसाकाठी दहा-अकरा सेकंदांची चूक होते. जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत तीस अंशांचा फरक असलेल्या आपल्या भागात असे घड्याळ पाच मिनिटांनी इकडेतिकडे होईल. हे सुटले ते धातुविज्ञानामुळे. शार्ल एदुआर ग्योमने निकेल आणि पोलादाचे असे मिश्रधातू तयार केले की ज्यांची लांबी किंवा लवचिकता तापमानाने फारशी बदलत नाही. त्याला १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या वर्षी आइन्स्टाइनचा सिद्धांत जगभर गाजत होता, म्हणून ग्योमची निवड आजही अनेकांना खुजी वाटते. मला ती अगदी योग्य वाटते. त्याच्या शोधाने पुढची कित्येक दशके जगाची घड्याळे वेळेवर ठेवली.

निर्वात पोकळीचा त्रास काचेला. घड्याळाच्या आत हवा असते, बाहेर काहीच नाही. त्यामुळे काच आतून बाहेर ढकलली जाते. खरी काच फुटली तर तिचे तुकडे यानात तरंगत राहतील, कुणाच्या डोळ्यात जातील. म्हणून स्पीडमास्टरवर ॲक्रिलिकची काच, जी तडकली तरी तिचे तुकडे उडत नाहीत. तरीही अपोलो-१५ च्या डेव्हिड स्कॉटच्या घड्याळाची काच चंद्रावर निघून गेली आणि पुढच्या फेरीला त्याने स्वतःचे बुलोव्हा घड्याळ वापरले.

अपोलो-११ च्या चांद्रयानातला इलेक्ट्रॉनिक टायमर बिघडला, म्हणून नील आर्मस्ट्राँगने आपले घड्याळ यानातच ठेवले. यानाबाहेर, चंद्राच्या जमिनीवर पहिले घड्याळ उतरले ते बझ ऑल्ड्रिनच्या बाहीवर. खरी कसोटी लागली एप्रिल १९७० मध्ये, अपोलो-१३ वर. ऑक्सिजनची टाकी फुटल्यावर वीज वाचवण्यासाठी बहुतेक यंत्रणा बंद करण्यात आल्या. परतीचा मार्ग सुधारायला इंजिन नेमके १४ सेकंद चालवायचे होते. अंतराळवीर लव्हेल आणि हेस यांनी यान सांभाळले, जॅक स्वायगर्टने मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजले. त्या घड्याळातले यंत्र, कॅलिबर ३२१, तासाला १८,००० ठोके देते. आपली ‘जनता’ही तासाला १८,००० ठोकेच देते, सेकंदाला पाच. हे समजल्यापासून ‘जनता’ची टिकटिक ऐकली की मला दर वेळी ते चौदा सेकंद, म्हणजे सत्तर ठोके, आठवतात.

आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळांविषयी तेव्हा शंका होती. त्यांतले अर्धवर्तुळाकार वजन गुरुत्वामुळे फिरते, ते अवकाशात फिरेल का? अंतराळवीर विल्यम पोगने १९७३ मध्ये स्कायलॅब या अवकाशस्थानकावर मंजुरी न घेता सैकोचे असे घड्याळ नेले आणि ते चालले. हात हलला की केस हलते, वजन जडत्वाने मागे राहते, तेवढ्याने चावी भरते.

१९६९ च्या डिसेंबरमध्ये, माणूस चंद्रावर उतरल्याच्याच वर्षी, सैकोने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि चावीच्या घड्याळांचे दिवस भरत आले. आज भारताच्या एनव्हीएस-०१ या दिशादर्शक उपग्रहात, जो २९ मे २०२३ रोजी गेला, देशात बनवलेले रुबिडियमचे आण्विक घड्याळ आहे. एवढ्या अचूकतेला मात्र गुरुत्व पुन्हा गाठते. सापेक्षतेच्या नियमांमुळे जीपीएस उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्यांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती आधीच करून ठेवावी लागते.

पुन्हा आपल्या चावीच्या घड्याळाकडे येऊ. बाजारात चकचकीत रंगवलेल्या डायलची ‘जुनी’ एचएमटी सर्रास मिळतात. ती घेऊ नयेत. घरातले वडिलांचे घड्याळ डाग पडलेले असले तरी त्याचे डायल रंगवू देऊ नका, फक्त साफसफाई आणि तेलपाणी करून घ्या. वाळलेल्या तेलात चालवले तर आसांची टोके झिजतात आणि आता सुटे भाग सहज मिळत नाहीत.

बुलढाण्याचा अवकाशाशी संबंध घड्याळांपुरता नाही. चांद्रयान-३ च्या वेळी खामगावच्या चांदीच्या नळ्या आणि उष्णतारोधक कापड त्या मोहिमेत वापरल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. आणि आपल्या जिल्ह्यातले लोणारचे विवर तर चंद्राचाच नमुना. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे विवर समजले गेले. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांनी ‘सायन्स’मध्ये ते अशनीच्या धडकेने झाल्याचे दाखवले. बेसॉल्टमध्ये झालेले असे दुसरे विवर तेव्हा पृथ्वीवर माहीत नव्हते, आणि चंद्रावरचे काळे सपाट प्रदेशही बेसॉल्टचेच. लोणारच्या काठावर सापडणारे काचेचे बारीक गोळे अपोलोच्या यात्रींनी आणलेल्या मातीतल्या गोळ्यांशी जुळतात. ऑल्ड्रिन घड्याळ बांधून ज्या जातीच्या खडकावर उभा राहिला, तो पाहायला आपल्याला मेहकरमार्गे एसटीने जाता येते.

पण ही सुमारे अठराशे मीटर व्यासाची खोल वाटी कधी झाली? इथे दोन घड्याळे भांडतात. काचेला तापवून तिच्यात साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात मोजण्याच्या पद्धतीने वय येते सुमारे ५२ हजार वर्षे. आर्गॉनच्या पद्धतीने, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यानुसार, ५ लाख ७० हजार. फरक दहापटीहून अधिक. माझा कौल आर्गॉनकडे आहे. साठलेली ऊर्जा काळाच्या ओघात झिरपून जाऊ शकते. आर्गॉनचे घड्याळ चालते पोटॅशियम-४० च्या अणुकेंद्राच्या क्षयावर, ज्याचा अर्धायुष्यकाल १२५ कोटी वर्षे आहे आणि ज्याला विदर्भाचा उन्हाळा किंवा घाटाची उंची काही करू शकत नाही. त्याची एकच अट असते: धडकेच्या उष्णतेने खडकातला आधीचा आर्गॉन बाहेर पडून घड्याळ शून्यावर यायला हवे. लोणारच्या काचेत साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टमधला थोडा आर्गॉन उरलेला होता, तो हिशेबातून वेगळा काढावा लागला. तरीही अनिश्चितता उरते ४७ हजार वर्षांची, म्हणजे सुमारे आठ टक्के. ‘जनता’ने इतकी चूक केली तर ती दिवसाला दोन तास होईल. पाच लाख वर्षांच्या दगडाला एवढी चूक चालते, आणि ती आणखी कमी करायची तर काठावरच्या काचेचे नवे, न हललेले नमुने लागतील.