मुक्या रोगाची भाषा

रक्तदाब हा मोठा मुका रोग. दुखत नाही, खुपत नाही. आणि एके दिवशी अर्धांगाचा झटका येतो! म्हणून वैद्यकीच्या विद्यार्थ्याचा पहिला धडा औषधांचा नव्हे, मोजण्याचा.

दंडावरचा पट्टा १८९६ साली इटलीच्या रिवा-रोच्चीने दिला. १९०५ साली रशियन शल्यवैद्य कोरोत्कॉव्हने स्टेथॉस्कोप लावून धमनीचे ठोके ऐकविले. साधन सोपे, पण चुका फार. रोग्याला पाच मिनिटे स्वस्थ बसवावे. हात हृदयाच्या पातळीवर, बोलणे बंद. आधी नाडी चाचपावी, कारण काहींचे ठोके मधेच लुप्त होतात आणि उतावळा विद्यार्थी वरचा आकडा कमी लिहितो. जाड दंडाला अरुंद पट्टा बांधला, तर नसलेला दाब दिसतो! एका मोजणीवर सहसा निदान करू नये. १४०/९० किंवा अधिक पुन्हा पुन्हा भरला पाहिजे.

कोलेस्टेरॉल तर कानालाही कळत नाही. तिथे रक्तच तपासावे लागते. १९४८ साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी सुरू झालेल्या पाहणीने या दोघांचे हृदयविकाराशी असलेले नाते उघड केले.

मात्र खरी परीक्षा पुढेच. “आता बरं वाटतंय” म्हणून गोळी सोडणाऱ्याला समजावता आले, तोच विद्यार्थी उत्तीर्ण!