हरणाऱ्या संघाचा चाहता

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी साडेअकराच्या सुमारास एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. त्यांना आपण गुरुजी म्हणू. हाताला पट्टा बांधला, तर प्रेशर १७०/१००! गेली आठ वर्षे गुरुजींची गोळी चालू आहे, पथ्यही बरे असते. मी विचारले, "सकाळची गोळी घेतली होती का?"

"राहिली. मॅच होती."

"सकाळी नऊ वाजता कसली मॅच?"

मग उलगडा झाला. गुरुजींचा नातू कॅलिफोर्नियात शिकायला आहे. तिकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे नऊ वाजलेले असतात. नातवाला कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे वेड, आणि त्याने ते आजोबांना लावले. मोबाइलवर सामना दिसतो. नाश्ता, गोळी, फिरणे सगळे बाजूला ठेवून गुरुजी खोलीचे दार लावून बसतात. "सलग अकरावी हरलो, डॉक्टर," असे म्हणताना त्यांचा आवाज खरोखर बसला होता.

त्या "हरलो" या शब्दापाशी मी थांबलो. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९७६ साली एक गमतीशीर पाहणी प्रसिद्ध केली होती. कॉलेजचा फुटबॉल संघ जिंकला की पुढच्या सोमवारी कॉलेजचे नाव असलेले शर्ट घालणारे विद्यार्थी वाढत. सामन्याबद्दल बोलताना जिंकल्यावर "आपण जिंकलो" आणि हरल्यावर "ते हरले"! आपल्याकडे क्रिकेटच्या वेळी पानपट्टीवर यापेक्षा वेगळे काय ऐकू येते? पण अकरा पराभवांनंतरही जो "हरलो" म्हणतो तो हाडाचा चाहता. आणि त्रासही त्यालाच होतो.

हा त्रास खोटा नसतो, हे घरच्यांनी समजून घ्यावे. १९९२ साली इंडियाना विद्यापीठात केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या बास्केटबॉल संघाचा पराभव पाहिलेल्या विद्यार्थ्यांना नंतर विचारले, की अक्षरांची उलटापालट करून शब्द ओळखणे तुम्हाला कितपत जमेल? एखाद्या मुलीला फिरायला येतेस का म्हणून विचारले तर होकार मिळेल का? विजय पाहिलेल्यांच्या मानाने त्यांचा स्वतःविषयीचा अंदाजही खाली आला होता. चेंडू दुसऱ्याच्या हातून सुटला, आणि भरवसा यांचा स्वतःवरचा उडाला!

हृदयाचे सांगायचे तर २००६ साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला. जर्मनीचा सामना असेल त्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराचे तातडीचे रुग्ण एरवीच्या अडीच पटींहून अधिक आढळले. आधीपासून हृदयाचा आजार असलेल्यांना धोका जास्त होता. म्हणून ज्यांना प्रेशर किंवा शुगर आहे, अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांनी सामन्याच्या दिवशी गोळी मुळीच चुकवू नये. सामना पाहताना छातीवर दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, दरदरून घाम फुटला, तर "एवढा डाव संपू दे" म्हणत बसू नये. १०८ ला फोन करावा.

"मग बघणेच सोडू का?" गुरुजींनी विचारले. मी नको म्हटले, आणि त्यांना कॅलटेकची हकीगत सांगितली.

पासाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे कॅलटेक, नोबेल विजेत्यांची खाण. पण बास्केटबॉलमध्ये? दक्षिण कॅलिफोर्नियातल्या शेजारच्या कॉलेजांबरोबरच्या साखळी स्पर्धेत १९८५ पासून त्यांचा संघ सलग ३१० सामने हरला. तीनशे दहा! अभ्यासक्रम चार वर्षांचा. म्हणजे कितीतरी तुकड्या आल्या आणि साखळीतला एकही विजय न पाहता पदवी घेऊन गेल्या. ही कॉलेजे ज्या गटात खेळतात तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. प्रयोगशाळेतून निघून सरावाला जायचे, आणि परत गणिते सोडवायला बसायचे. मधे जानेवारी २००७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजला त्यांनी ८१-५२ असे हरवले, आणि आपल्या गटातल्या संघांविरुद्ध चाललेली सलग २०७ पराभवांची दुसरी माळ तुटली. साखळीतली माळ मात्र तशीच पुढे चालू! ती तुटली २२ फेब्रुवारी २०११ रोजी, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात. ऑक्सिडेंटल कॉलेजविरुद्ध ४६-४५. एका गुणाचा फरक, तोही अखेरच्या काही सेकंदांत मिळालेल्या फ्री थ्रोवर.

आता ज्याने तीनशे सामने "आज नक्की जिंकणार" म्हणून पाहिले असतील त्याचे काय झाले असेल? माझ्या मते असा माणूस पन्नासाव्या सामन्यालाच घरी बसला असेल. जे टिकले त्यांची आशा लहान मापाची असणार. मागच्या वेळी तीस गुणांनी हरलो, आज वीसने. मध्यंतरापर्यंत बरोबरीत होतो. नवा मुलगा आज घाबरला नाही. आम्ही डॉक्टर लोक लकवा झालेल्या रुग्णाला हेच सांगतो. आज बोट हलले ना? चालायचे नंतर बघू.

दुसरी गोष्ट सोबतीची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. केंटकी राज्यातील मरे स्टेट विद्यापीठाचे डॅनियल वान यांनी चाहत्यांच्या मनाचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचे म्हणणे असे, की आपल्या गावच्या, जवळच्या संघाशी मन जोडलेल्या माणसाला एकटेपणा कमी जाणवतो, कारण त्या निमित्ताने त्याला माणसे मिळतात. हा फायदा संघाच्या जिंकण्यावर फारसा अवलंबून नसतो.

इथे मी गुरुजींना विचारले, "नातू पराभवानंतर कसा असतो?" ते जरा ओशाळले. त्याची फार काळजी वाटते, परक्या मुलखात पोर खचून जाईल म्हणून रोज सामना संपताच मी फोन करतो, म्हणाले. पण तो फोनवर हसतच असतो. मागे पोरांचा कल्ला चाललेला असतो, पिझ्झा खायला निघालेले असतात. "मलाच म्हणतो, आबा, तुम्ही जेवलात का?"

म्हणजे पोर तिथे पन्नास जणांत बसून हरत होते, आणि आजोबा इथे दार लावून एकटे! प्रेशर कोणाचे वाढणार?

मी गोळी बदलली नाही. सांगितले ते एवढेच. गोळी आणि नाश्ता सामन्याआधी. दार उघडे. मध्यंतरात उठून अंगणात दोन फेऱ्या. सामना संपला की अर्धा तास फिरून यायचे, मग फोन. आणि कुणाला तरी शेजारी बसवा.

वाचकांपैकी कुणाला पराभवानंतर दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन रमत नसेल, तर ते खेळाचे दुखणे नव्हे. त्यांनी डॉक्टरांना भेटावे.

महिन्याने गुरुजी आले. प्रेशर १३८/८६. शेजारचा आठवीतला मुलगा सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर सामना बघायला येतो. त्याला नियम जास्त कळतात, असे कौतुकाने सांगत होते. "आणि संघ?" मी विचारले.

"हरलो. पण चारच गुणांनी." मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "डॉक्टर, ती लघवीची गोळी सामना संपल्यावर घेतली तर चालेल का? ऐन मोक्याला उठावे लागते."

चालेल म्हटले. दुसरी मात्र वेळेवर.