पहिलं प्रेम, दोनदा

१९९९ साली मी पुण्यात जपानी शिकत होते. आमच्या सेन्सेईंनी एक सीडी वर्गात आणली आणि मी ती घरी नेऊन कॅसेटवर उतरवून घेतली. ‘फर्स्ट लव्ह’. कांजी गिरवताना मागे वाजत राहील म्हणून लावायची, पण कांजी बाजूलाच राहायची. गाणारं माणूस अवघं सोळा वर्षांचं, उतादा हिकारू. गाणी स्वतःच लिहिलेली.

‘ऑटोमॅटिक’ हे त्यातलं गाणं आधीच, डिसेंबर १९९८ मध्ये, आलेलं. त्याच्या पहिल्याच ओळीत शब्द नको तिथे तुटतात. सेन्सेई वैतागायच्या, मला नेमकं तेच आवडलं. जपानी अक्षरं अमेरिकन ठेक्यावर बसवली होती. हिकारूचा जन्मही न्यूयॉर्कचा. आई फुजी केइको मात्र एन्का गाणारी, म्हणजे कंठ कापरा करून गायच्या त्या जुन्या वळणाच्या दुःखी गाण्यांची. ‘फर्स्ट लव्ह’ जपानमध्ये ७६ लाखांहून अधिक खपला. जपानी अल्बमांमध्ये हा विक्रम अजून शाबूत आहे.

२००२ चा ‘डीप रिव्हर’ माझ्या जास्त जवळचा. नाव एन्दो शुसाकूंच्या कादंबरीवरून घेतलेलं, आणि त्या कादंबरीतली नदी आपली गंगा, वाराणसीची. २००४ चा इंग्रजी ‘एक्झोडस’ मी दोनदा ऐकला आणि ठेवून दिला. पुढचे दोन जपानी अल्बम चांगले आहेत, त्यात अडकावं असं मला काही सापडलं नाही. २०१० च्या अखेरीस गाणं थांबलं. कारण काय, तर ‘निंगेन कात्सुदो’, म्हणजे माणूस म्हणून जगण्याची कामं करायची आहेत!

ऑगस्ट २०१३ मध्ये फुजी केइको यांनी तोक्योत आयुष्य संपवलं. २०१५ मध्ये हिकारूच्या पोटी मुलगा आला आणि २०१६ मध्ये ‘फांतोम’. त्यातलं फुलांच्या गुच्छाचं गाणं एनएचकेच्या सकाळच्या मालिकेचं शीर्षकगीत होतं. चाल अशी प्रसन्न, की चहा पिता पिता ऐकावी. सुरुवातीला कुणीतरी, एरवी कधीही न नटणारं, एका सकाळी हलकासा मेकअप केलेलं दिसतं. मला वाटलं, लग्न असेल. तिसऱ्यांदा ऐकताना उमगलं. जपानमध्ये शवपेटीत ठेवण्याआधी चेहऱ्याला असाच हलका हात लावतात. गुच्छ आईसाठी आहे. त्यानंतर ते गाणं मी चहाबरोबर लावलेलं नाही.

‘फांतोम’मध्ये इंग्रजीची पेरणी कमी झाली. २०१८ चा अल्बम तर ‘हात्सुकोई’. अर्थ तोच, पहिलं प्रेम. पण एकोणीस वर्षांनी स्वतःच्या भाषेत. आवाज आता जाडसर, थोडा दमलेला, आणि शब्द अजूनही नको तिथे तुटतात.

एक लक्षात आलं का? मी हिकारूसाठी ‘तो’ किंवा ‘ती’ लिहिलेलं नाही. २०२१ मध्ये हिकारूने आपण नॉन-बायनरी असल्याचं सांगितलं. जपानीत त्याने वाक्य अडत नाही. मराठीत क्रियापदच लिंग विचारतं. ‘गाणारं माणूस’ने बरीच सोय केली.

१९ जानेवारी २०२२ ला, एकोणचाळिसाव्या वाढदिवशी, ‘बॅड मोड’ आला. त्यात इंग्रजी आणि जपानी अशी मिसळली आहे की सांधा दिसत नाही, आणि शेवटाकडे मार्सेलवरचं जवळजवळ बारा मिनिटांचं गाणं आहे. माझ्या लेखी हा सगळ्यांत निर्धास्त अल्बम.

त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर ‘फर्स्ट लव्ह’ मालिका आली आणि पुष्कळ जण त्याच नावाच्या जुन्या गाण्यापाशी पोचले. तुम्ही त्यांतले असाल, तर तिथेच थांबू नका. लगेच ‘हात्सुकोई’ लावा, तोच अर्थ, पस्तिशीतल्या गळ्यातून.