ऊर्ध्व मूत्रमार्गाचा कर्करोग : वृक्करक्षक उपचार

वृक्कात (मूत्रपिंडात) तयार होणारे मूत्र प्रथम वृक्कद्रोणीत जमते व मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते. वृक्कद्रोणी व मूत्रवाहिनी यांच्या आतील अस्तरात उद्भवणाऱ्या कर्करोगास ही संज्ञा आहे. मूत्राशयातही असेच अस्तर असते. या अस्तराच्या एकूण कर्करोगांपैकी सु. ५ ते १०% ऊर्ध्व मूत्रमार्गात आढळतात. धूम्रपान हे प्रमुख कारण असून, ॲरिस्टोलोकिया प्रजातीच्या वनस्पतींतील विषारी अम्लामुळे बाल्कन प्रदेश व तैवान येथे हा रोग अधिक आढळला आहे. मूत्रावाटे रक्त जाणे हे मुख्य लक्षण होय.

रोगग्रस्त बाजूचे वृक्क, संपूर्ण मूत्रवाहिनी व ती मूत्राशयास मिळते तेथील भाग काढून टाकणे, हा रूढ उपचार आहे. तीव्र स्वरूपाच्या रोगात तोच श्रेयस्कर ठरतो. तथापि एकच वृक्क असलेल्या रुग्णावर त्यामुळे कायमच्या अपोहनाची (डायालिसिसची) पाळी येते. दुसरे वृक्क दुर्बल असल्यास सिस्प्लॅटिनासारखे प्रभावी औषधही पुढे देता येत नाही. म्हणून गाठ एकच, लहान (सु. २ सेंमी.पेक्षा कमी), सौम्य श्रेणीची व भित्तीत न शिरलेली असल्यास वृक्क राखण्याकडे कल असतो.

पद्धती : (१) मूत्रमार्गातून लवचिक अंतर्दर्शक वर नेऊन होल्मियम किंवा थुलियम लेसर किरणांनी गाठ जाळतात. १९१२ मध्ये अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद ह्यू हॅम्प्टन यंग यांनी एका बालकाच्या विस्फारित मूत्रवाहिनीत ताठ दर्शक घालून या मार्गाची शक्यता दाखविली होती. (२) वृक्कद्रोणीतील मोठ्या गाठीसाठी पाठीच्या बाजूने त्वचेला छिद्र पाडून उपकरण आत घालतात. (३) मूत्रवाहिनीचा रोगग्रस्त तुकडा कापून उरलेली टोके जोडतात. खालच्या भागातील रोगात ती मूत्राशयास पुन्हा जोडतात. (४) मूत्र वाहते असल्याने औषध तेथे टिकत नाही. म्हणून थंड असता द्रव व शरीराच्या उष्णतेने घट्ट होणारा मायटोमायसीनयुक्त जेल वापरतात. अमेरिकेत २०२० मध्ये त्यास मान्यता मिळाली. ७१ रुग्णांच्या चाचणीत ४२ जणांतील रोग प्रारंभी पूर्णपणे नाहीसा झाला. मात्र मूत्रवाहिनी अरुंद होणे हा दुष्परिणाम अनेकांत दिसला.

मर्यादा : अंतर्दर्शकातून मिळणारा ऊतकाचा नमुना अतिशय लहान असल्याने रोग किती खोल गेला आहे, हे निश्चित कळत नाही. रोग वारंवार उलटतो व मूत्राशयातही उद्भवू शकतो. त्यामुळे सु. दोन महिन्यांच्या आत पुन्हा अंतर्दर्शन व त्यानंतर अनेक वर्षे नियमित तपासणी अपरिहार्य असते. अशी तपासणी करून घेण्यास जो रुग्ण तयार नसेल, त्याच्या बाबतीत वृक्क राखणे धोक्याचे ठरते.